पिवळ्या घावनाची लेखी तक्रार

शुक्रवार हाच खरा सुट्टीचा वार आहे असे मानणारे गृहस्थ माझ्या आयुष्यात एकच आले, आणि ते माझे घरमालक होते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. बाहेरच्या वाचकास हे ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून प्रारंभीच नमूद करून ठेवतो. या गृहस्थांनी सारी नोकरी तिथल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात केली. ते घरी असत तेव्हा मुलगा शाळेत असे, आणि मुलगा घरी असे तेव्हा ते रंगाच्या टाकीपाशी उभे असत. एकाच घरात सुट्टी दोन निरनिराळ्या वारी येत होती आणि त्या दोन सुट्ट्यांची कधी गाठ पडत नव्हती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी ते पहाटे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीस, त्यांनी बाहेर जाऊन बसण्यास सांगितले. सुट्टीची न्याहारी आजपासून आपल्या खात्यात आली, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सकाळी त्यांनी चार रंगांची घावने केली. हा प्रकार मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला जाण्याच्या पूर्वीचा आहे. पण काकूंनी तो मला इतक्या वेळा सांगितला की त्याबाबत मी शपथेवर निवेदन देऊ शकेन.

कारखान्यात रंग ठरवणाऱ्या माणसास मास्तर म्हणतात. त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नवीन राहायला आलेले लोक त्यांना शाळेचे मास्तर समजून मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला येत. ते गैरसमज दूर करीत नसत. मुलाच्या शर्टाची बाही चिमटीत धरून तो शर्ट कितव्या धुण्यात विटला एवढे सांगत आणि परत पाठवीत.

मी स्वतः उल्हासनगरात सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असून त्याचा मला संकोच नाही. कारण माझ्या हातचा मजकूर वाचून पदवीधर लोकांनी आपला स्वतःचा मजकूर फाडून टाकलेला मी पाहिला आहे. कुटुंब त्या काळी मुरबाडकडे गावी होते. मास्तरांच्या घराच्या मागच्या बाजूस एक खोली होती, तीत मी एकटा राहत होतो. पहिल्याच रविवारी सकाळी दारावर थाप पडली आणि बाहेर मास्तर उभे होते. हातात उलथणे होते.

"अर्जवाले, सुट्टीच्या दिवशी या घरात कोणी एकटं खात नाही. चला."

त्यानंतर सहा वर्षे मी रविवारी आणि प्रत्येक सरकारी सुट्टीला त्यांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलो.

त्यांची पद्धत येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. आदल्या दिवशी भिजवलेले तांदूळ सकाळी वाटून त्याचे पातळ पीठ करीत आणि ते निरनिराळ्या पातेल्यांत वाटून घेत. एकात पालकाचा रस जाई, एकात बिटाचा, एकात हळद. भिंतीवर चढवलेल्या गोकर्णाच्या वेलाची निळी फुले गरम पाण्यात टाकून त्याचा अर्क एका पातेल्यात ओतत. पाचव्यात नाचणी. बिटाच्या पिठात ते लिंबू पिळत, म्हणजे तव्यावर तो रंग तपकिरी पडत नाही. आणि तेच लिंबू गोकर्णाजवळ कोणी नेले तर त्यास बाहेर काढत, कारण एका थेंबाने निळ्याचे जांभळे होते. एका रंगाची सगळी घावने झाली की बिडाचा तवा पुसायचा, मगच दुसरा रंग. सगळी घावने टोपलीत झाकून ठेवायची. सर्व रंग पूर्ण झाल्याशिवाय कोणाच्या ताटात काही पडत नसे. भूक लागली म्हणून नात रडू लागली तर ते तिला शांतपणे सांगत, की लॉट पुरा झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही.

ट्यूबलाइट लावायची नाही हा दुसरा नियम. रंग पारखायचा तो खिडकीतल्या उजेडात. "ट्यूबलाइटखाली पास केलेला माल उन्हात परत येतो," असे ते म्हणत, आणि हे वाक्य कापडापुरते बोलत नसून लग्नाच्या स्थळांपासून नगरसेवकांपर्यंत सर्वांस लावत.

सर्वांत मोठी वस्तू म्हणजे त्यांची वही. कारखान्यात प्रत्येक रंगाच्या कापडाचा तुकडा चिकटवून ठेवतात, तशी त्यांनी घराची वही केली होती. प्रत्येक माणसास एक पान आणि प्रत्येक पानावर कापडाचा एक चौकोनी तुकडा. मुलाच्या पानावर त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या झबल्याचा हिरवा तुकडा. सूनबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा निळी साडी नेसल्या होत्या. तिच्या पदराचे चार धागे काढून त्यांनी पानावर लावले होते. नातीच्या पानावर गुलाबी रिबीन. मास्तरांचे स्वतःचे पान कारखान्याच्या तांबूस गणवेशाचे. आणि काकूंच्या पानावर त्यांच्या लग्नातल्या हळदीच्या लुगड्याचा तुकडा होता, पिवळा, कडेने किंचित फाटलेला. ज्याचा तुकडा ज्या रंगाचा, त्याचे घावन त्या रंगाचे. पिठात बोट बुडवून ते पांढऱ्या बशीवर ओढत, वहीतला तुकडा शेजारी धरत आणि जुळेपर्यंत चमच्याचमच्याने रंग वाढवत.

माझे पान शेवटचे होते. त्यावर माझे नाव होते आणि खाली लिहिले होते, 'नमुना येणे बाकी.' म्हणून मला पांढरे घावन मिळे. चव तीच, जाळीही तशीच सुरेख पडलेली, नारळाचा रसही तेवढाच. तक्रारीस जागा नव्हती. पण ज्याने पाच रंगीत ताटांमध्ये बसून पांढरे घावन सहा वर्षे खाल्ले नाही त्यास माझी मनःस्थिती कळणार नाही. मी एकदा सहज विचारले होते की माझा नमुना कधी ठरणार. मास्तर म्हणाले, सूनबाईंचा ठरवायला मला तीन महिने लागले, आणि ती तर घरात राहत होती.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात मास्तरांची कीर्ती होती. गल्लीतल्या बायका साडीवर ब्लाउजपीस जुळवायला त्यांना घेऊन जात. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडे ते नेहमी जात आणि नेहमी एकच प्रसंग घडे. मास्तर कापडाचा अख्खा थान उचलून दुकानाबाहेर उन्हात नेत. दुकानदार गल्ल्यावरून म्हणे, "साईं, देखो आराम से, पर थान मेरी नजर के सामने रखना." मास्तर रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून साडी आणि कापड शेजारी धरत, रिक्षावाले हॉर्न वाजवत, आणि दोन्ही रंग जुळल्याशिवाय ते बाजूला होत नसत.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

एका रविवारी मास्तरांनी माझ्या ताटात पिवळे घावन वाढले.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते पुढच्या ताटाकडे वळले होते. मी मनात म्हटले, चार वर्षांच्या निवासानंतर आपला नमुना ठरला; आणि माणूस मोठा म्हणून त्याने गाजावाजा केला नाही. मी ते घावन अतिशय सावकाश खाल्ले. संध्याकाळी कुटुंबास फोन करून ही गोष्ट कळवली. ती म्हणाली, बरं झालं, भाडं कमी केलं का. तिला यातले गांभीर्य कळले नाही.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी माझे लक्ष काकूंच्या ताटाकडे गेले. त्यांच्या ताटात पांढरे होते. त्या मान खाली घालून चटणीशी खात होत्या. मास्तर तव्याकडे वळले तेवढ्यात मुलाने आपले ताट डावीकडे सरकवले, सूनबाईंनी आपले उजवीकडे. निळे सूनबाईंकडे गेले, हिरवे मुलाकडे. सूनबाईंनी माझ्याकडे पाहून फक्त भुवई उचलली. चार वर्षांची नात आपल्या ताटातले खात होती. तिचे गुलाबी तिलाच आले होते, त्यामुळे तिचा काही प्रश्न नव्हता.

न्याहारी झाल्यावर मुलगा मला बाहेर कठड्यापाशी भेटला. वडिलांना मोतीबिंदू झाला आहे, दोन्ही डोळ्यांत, असे त्याने सांगितले. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासताना तिथल्या माणसाने ओळखले होते. त्यांना आता पिवळे पांढरे दिसते, निळे आणि हिरवे एकच दिसते. सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, गोकर्णाची फुलं बघताय ना, वेल उजाड झालाय. रंग दिसत नाही म्हणून टाकतच जातात."

मग मला एकेक उलगडा झाला. आधीच्या दिवाळीत त्यांनी घर बाहेरून रंगवून घेतले होते. रंग स्वतः निवडला होता आणि त्यास ते फिकट मोतिया म्हणत. प्रत्यक्षात ते घर लिंबासारखे पिवळेधमक झाले होते. रिक्षावाले आमच्या गल्लीस लिंबू बंगल्याची गल्ली म्हणू लागले होते, आणि मास्तरांना ती एखादी नवीन इमारत वाटे. गल्लीत एकाही माणसाने त्यांना खरे सांगितले नव्हते. कॅम्प दोनलाही हेच चालले होते. मी एकदा सोबत गेलो असता मास्तरांनी मोरपंखी साडीवर हिरवागार ब्लाउजपीस जुळवून दिला. दुकानदाराने मान डोलावली, तो तुकडा गल्ल्याखाली ठेवला आणि दुसराच, बरोबर रंगाचा, कागदात बांधला. मी पाहत आहे हे त्याच्या लक्षात आले तेव्हा तो हळूच म्हणाला, "इनको मत बोलना. मेरे बाप के टाइम से हमको रंग इन्होंने सिखाया है."

म्हणजे सारे गाव त्यांच्या मागे ताटे सरकवत होते.

पुढच्या रविवारपासून मीही ते करू लागलो. मास्तर तव्याकडे वळले की माझे पिवळे काकूंकडे आणि त्यांचे पांढरे माझ्याकडे. पहिल्या वेळी मला लाज वाटली, कारण तीन रविवार मी एका बाईच्या लग्नाची हळद आपली बढती समजून खाल्ली होती.  पुढे या सरकवण्याची इतकी सवय झाली की हात आपोआप चालत. मुलाचे सूनबाईंकडे, सूनबाईंचे मुलाकडे, माझे काकूंकडे, काकूंचे माझ्याकडे. डोळ्याचे पाते लवायच्या आत चारही ताटे जागेवर. दीड वर्ष हे चालले.

परंतु मोतीबिंदू थांबला नव्हता. मास्तर जिन्यावर पाय चाचपू लागले. मुलाने दवाखान्यात चला म्हटले, सूनबाईंनी म्हटले, काकूंनी तर रोज म्हटले. प्रत्येकास एकच उत्तर मिळाले. कारखान्यात रंगाविषयीची तक्रार तोंडी घेत नसत, आणि तोच नियम त्यांनी घरी आणला होता.

"माझ्या डोळ्याविषयी तक्रार असेल तर लेखी द्या. सोबत नमुना जोडा. तोंडी मी ऐकत नाही."

नमुना जोडायचा म्हणजे चुकीचे घावन दाखवायचे, आणि ते दाखवायला घरात कोणी तयार नव्हते. एके दुपारी काकू चक्क माझ्या टेबलापाशी कचेरीबाहेर येऊन उभ्या राहिल्या. अंबरनाथहून एकट्या आल्या होत्या. मी दोन पक्षकारांना थांबवून त्यांना खुर्ची दिली.

त्या म्हणाल्या की दवाखान्यात जायला आणखी उशीर केला तर डोळा हाताबाहेर जाईल, असे चष्मेवाल्याने मुलाला सांगितले आहे. पण खरी भीती वेगळीच होती. "भाऊ, ह्यांना कळलं ना की दीड वर्ष चुकीचं वाढत होते, तर हे तवा माळ्यावर टाकतील. मग परत रविवारी कोणी कोणाच्या शेजारी बसणार नाही. छत्तीस वर्षं मी ते बघितलंय."

मी विचारले, मग अर्ज करायचा की नाही.

"करायचा. डोळा गेला तर तवा तसाही जाणारच. पण माझ्या नावानं नको. मला पांढरं चालतं, असं मीच मुलाला नि सुनेला म्हणत आले."

मुलगा आणि सूनबाई वडिलांविरुद्ध लिहिणार नव्हते. नात लिहू शकत नव्हती. राहिलो मी. आजवर हजारो अर्ज लिहिले, पण ते सर्व न मिळालेल्या वस्तूविषयी होते; मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करणारा अर्ज मी कधी लिहिला नव्हता, आणि तोही स्वतःच्या नावाने. दोन रात्री झोप लागली नाही. मसुदा तीन वेळा केला. विषय लिहिला, 'अर्जदारास अनधिकाराने पिवळे घावन मिळत असल्याबाबत.' मजकूर असा: अर्जदार हा भाडेकरू असून त्याचा नमुना अद्याप निश्चित नाही. सबब पिवळ्या घावनावर त्याचा कोणताही हक्क पोहोचत नाही. तरीही ते त्यास वाढले जात असून मूळ हक्कदार व्यक्तीस पांढरे घावन मिळत आहे. पुरावा म्हणून दोन्ही नमुने सोबत जोडले आहेत. तरी वाढणाऱ्याच्या डोळ्यांची तज्ज्ञांमार्फत तपासणी व्हावी ही विनंती. निळ्या-हिरव्याविषयी मी लिहिले नाही. एका अर्जात एकच विषय असावा हा माझा नियम आहे.

रविवारी मी काकूंच्या घावनाचा एक तुकडा आणि माझ्या घावनाचा एक तुकडा ठेवून घेतला. कागदाच्या खालच्या बाजूस दोन्ही शेजारी शेजारी टाचणीने लावले, खाली 'नमुना अ' आणि 'नमुना ब' लिहिले आणि अर्ज त्यांच्या हातात दिला.

मास्तर खिडकीपाशी गेले. भिंगातून मजकूर वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग कागद उजेडात धरून ते दोन तुकड्यांकडे पाहत राहिले. तेल कागदातून पाझरून डाग वाढत चालला होता. मला वाटते त्यांना दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. त्यांनी पिवळा तुकडा काढून जिभेवर ठेवला. मग पांढरा ठेवला. हळद डोळ्याला दिसली नाही तरी जिभेला कळते.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"दीड वर्ष," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि ते आतल्या खोलीत गेले. पुढच्या रविवारी दारावर थाप पडली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी खोलीत बसून चहाबरोबर खारी खाल्ली. मास्तरांच्या घरात भांड्यांचा आवाज होता, पण कोणी हसत नव्हते. अर्ज उत्तम होता. आणि मला तो लिहिल्याचा पश्चात्ताप होत होता.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर माझ्या खोलीवर आले. खुर्चीत बसून म्हणाले, "कागद घ्या. डॉक्टरांच्या नावानं लिहा."

त्यांनी सांगितलेला मजकूर मी शब्दशः लिहिला. ऑपरेशन एकाच डोळ्याचे करावे. दुसरा डोळा मूळ नमुना म्हणून जसा आहे तसा राखून ठेवावा. नवीन लॉट जुन्या नमुन्याशी जुळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या डोळ्यास हात लावू नये. नवीन डोळ्याने रंगांत फरक आढळल्यास त्याचे लेखी कारण द्यावे. मी खाली 'आपला विश्वासू' लिहिले. ते म्हणाले, विश्वास अजून बसायचाय, नुसतं नाव लिहा.

डॉक्टरांनी तो अर्ज संपूर्ण वाचला, असे मुलाने मला नंतर सांगितले. वाचून ते म्हणाले, आम्ही एका वेळी एकच करतो, काका. मास्तरांना ते आपल्या अर्जाचे यश वाटले. मलाही.

दसऱ्यानंतर डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा काकू समोर होत्या. मास्तरांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "तू इतकी पांढरी कधी झालीस?"

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "कळवलं नाही. तुम्ही लेखी मागता."

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा ते काळा चष्मा वर करून म्हणाले, हे पिवळं घर कोणाचं, याला कोणी अडवलं नाही का. मुलगा, सूनबाई आणि रिक्षावाला तिघेही रस्त्याकडे पाहत राहिले. मास्तरांनी उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला, मग पुन्हा उजवा. मग ते म्हणाले, "असू दे. सापडायला सोपं."

धुरापाशी जायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे तवा पुन्हा चुलीवर चढणार की नाही हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची हिंमत कोणी केली नाही. काकू रोज माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवीत असे. तेवढ्यात गुरुनानक जयंतीची सुट्टी आली. उल्हासनगरचा अर्धा बाजार त्या दिवशी बंद असतो, आणि आमची कचेरीही. सकाळी मी दाढी करीत असताना दारावर थाप पडली.

मास्तर उभे होते. हातात उलथणे होते. 

स्वयंपाकघरात वही खिडकीत उघडी होती. पाच पातेली, आणि सहावे माझे. गोकर्णाच्या वेलावर पुन्हा फुले राहिली होती, कारण त्यांनी मोजकीच तोडली होती. त्यांनी एकेक लॉट पुरा केला, दर वेळी तवा पुसला, टोपली झाकली.  मग त्यांनी वाढले. मुलाला हिरवे. सूनबाईंना निळे. नातीला गुलाबी. काकूंना पिवळे. मला पांढरे. इतके अचूक वाढप मी दीड वर्षात पाहिले नव्हते. नारळाच्या रसाचे पातेले आणायला ते ओट्याकडे वळले.

आणि आमचे हात चालले. कोणी ठरवले नव्हते. दीड वर्षाची सवय होती. मुलाचे ताट डावीकडे गेले, सूनबाईंचे उजवीकडे आले, माझे काकूंकडे आणि काकूंचे माझ्याकडे. मास्तर मागे वळले तेव्हा माझ्यासमोर पिवळे होते, काकूंसमोर पांढरे, मुलासमोर निळे आणि सूनबाईंसमोर हिरवे.

कोणाचाही घास उचलला गेला नाही. मुलाचे तोंड उघडे राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला. एका क्षणात दीड वर्षाची सगळी चोरी ताटांत मांडली गेली होती, आणि जे मी माझ्या अर्जात मुद्दाम लिहिले नव्हते तेही त्यांना दिसले होते. मास्तर पातेले हातात धरून प्रत्येक ताटाकडे पाहत गेले. हिरवे, निळे, पांढरे, पिवळे. मला वाटले आता तवा माळ्यावर जाणार.

त्यांनी पातेले खाली ठेवले. तळहाताने डावा, नवीन डोळा झाकला. उजव्या, जुन्या डोळ्याने पुन्हा सगळ्या ताटांवरून नजर फिरवली.

"या डोळ्यानं बरोबर आहे," ते म्हणाले.

आधी नात हसली. मग सूनबाई, मग मुलगा, आणि मग काकू इतक्या हसल्या की त्यांचे डोळे पुसायला मास्तरांनाच पुढे व्हावे लागले. त्यांनी ते तव्याच्या फडक्याने पुसले, आणि काकू म्हणाल्या, आता मीही रंगले.

मी माझे ताट काकूंकडे परत सरकवू लागलो. काकूंनी ते तिथेच धरले. "राहू द्या, भाऊ. पीठ दोघांना पुरेल एवढं आहे." त्यांनी टोपलीतून दुसरे पिवळे काढून स्वतः घेतले.

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझा अर्ज. तुकडे गळून गेले होते आणि तेलाचे दोन डाग वाळले होते. एक नुसताच तेलकट, दुसरा हळदीचा. त्यांनी माझे पेन मागितले. समासात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, आणि कागद वहीत माझ्या पानावर खळीने चिकटवला. 'नमुना येणे बाकी' हे शब्द त्याच्याखाली झाकले गेले.

आता मी बदलापुरात, मांजर्लीत, कुटुंबासह राहतो. सुट्टीच्या दिवशी तवा मीच चढवतो, आणि मुले बिटाच्या घावनावरून भांडतात. मास्तरांचा दुसरा डोळा अजून व्हायचा आहे. नवीन डोळ्याची खात्री अद्याप पटलेली नाही, असे ते डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी माझ्याकडून लेखी कळवतात. मी लिहिलेल्या अर्जांवर साहेबांचे शेरे रोज पाहतो. 'नामंजूर', 'पुराव्यासह यावे', 'या कार्यालयाशी संबंध नाही.' माझ्या स्वतःच्या नावाने केलेल्या एकमेव अर्जावर जो शेरा पडला, तो असा: 'तक्रार रास्त आहे. अर्जदारास पिवळे चालू ठेवावे.'